तेरा अंश

सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये
लीलाधर एकवीस वर्षं थंडी सांभाळतो.
तेरा अंश.
चौदा झाले की कपाळाला आठी,
बारा झाले की जेवायलाही घरी येत नाही.
त्याखाली केळं काळं पडतं, म्हणतो,
आणि माझ्याकडे असं बघतो
जसं दार मीच उघडं टाकलं होतं.

मालकानं जुनी गाडी भंगारात काढली:
आत पत्रा, पत्र्यामागे थर्माकोल, खिडकी नाही.
यानं ती पगारातून कापून घेतली.
चौकोन कापून काच बसवली, दोन फळ्या ठोकल्या,
शेगडीला कोपरा दिला, माझ्या आरशाला खिळा.
तीनदा फिनाइल, एकदा धूप.
वास गेला नाही.
चार्वी म्हणाली, पप्पा, आपण शिकरणात झोपणार.

पट्ट्या बोरोल्यांच्या पंकजच्या.
औलीला आयटीबीपीत होता,
बर्फावर घसरायच्या त्या निळ्या पट्ट्या
बदलीच्या सामानात घेऊन आला, एकीचं टोक चिरलेलं.
वर्षभर गच्चीवर
पापडाच्या खाटेखाली टेकण म्हणून पडल्या होत्या.
तोरणमाळला दव गोठतं, लीलाधर म्हणाला.
कुणी सांगितलं?
पेपरात होतं.

यावल, चोपडा, शिरपूर.
चहावाला गाडीकडे बघून विचारतो,
केया काय भाव, भाऊ?
शहाद्याच्या पुढे ऊस संपला, डोंगर लागला,
घाटात इंजिनानं दोनदा पाणी मागितलं.
मी मागे वांग्यांची पिशवी मांडीवर धरून,
पट्ट्या माझ्या कानाशी खडखडत.

तळ्याच्या वरच्या अंगाला उतार होता,
वाळलेल्या गवताचा, बैलाच्या पाठीसारखा.
यानं चेंबरचा कोट चढवला,
गमबूट ट्यूबच्या रबरानं पट्ट्यांना आवळले,
दोन बांबू हातात घेतले,
आणि उभा राहिला.

उभाच राहिला.
गवत सरकू देईना.
आश्रमशाळेच्या स्वेटरातला एक पावरा पोरगा,
खुमानसिंग, लाकडाची मोळी उतरवून बघत होता.
बराच वेळ बघून म्हणाला,
काका, ह्यावर बसायचं कुठं?
मग सागाची पानं बुडाखाली घेतली
आणि सर्रकन खाली गेला,
चार्वी त्याच्या मागोमाग, नवीन जीन्सची पर्वा न करता.
मी हसले. हसायला नको होतं.
यानं रबर सोडली, एकेक,
घडी करून खिशात ठेवली.

रात्री भरीत झालं, कळण्याची भाकरी झाली.
खुमानसिंग दोन भाकरी खाऊन गेला,
वर आईला एक घेऊन गेला.
आम्ही तिघं त्या पत्र्याच्या पोटात,
गोधडीवर गोधडी.
दोनच्या सुमाराला लीलाधर उठला.
एकवीस वर्षं या वेळेला तो उठतो,
सायकल काढतो, मी कूस बदलते.
इथं सायकल नव्हती, चेंबर नव्हतं.
त्यानं बॅटरी लावून काट्याकडे पाहिलं,
जुनाच काटा, अजून भिंतीवर.
अकरा.
मग चार्वीच्या पायांवर कोट टाकला,
माझ्या कपाळाला हात लावून पाहिला,
अगदी फणी चाचपतात तसा.
मी डोळे मिटून घेतले.
काळी पडले नव्हते बहुतेक.

पहाटे त्यानं पत्रा वाजवला: उठा, उठा.
गाडीच्या टपावर पांढरं होतं.
मिठाचा हात फिरवल्यासारखं,
चिमटीत येईल न येईल इतकं.
चार्वीनं चमच्यानं खरवडून वाटीत घेतलं.
उतारावरचं गवतही पांढुरकं,
पाय ठेवला की करकरे.

तो काही न बोलता पट्ट्या बांधायला लागला.
मी एका बाजूचं रबर धरलं.
खुमानसिंग कुठून आला कळलं नाही,
त्यानं पाठीवर दोन्ही हात ठेवले, ढकललं.

गेला.
खरंच गेला, पंधरा पावलं, वीस असतील,
बांबू हवेत, तोंडातून वाफ,
आणि करवंदीच्या जाळीत बसला.

मी पोहोचले तेव्हा कोटाला काटे,
गालावर ओरखडा, आणि तो विचारत होता,
किती अंश असतील गं?
मी वाटी बघितली.
पाणी झालं होतं.